बॅबून : संशोधन
पॅपिओ प्रजातीतील, मुख्यतः जमिनीवर वावरणारी ही माकडे आफ्रिकेत व अरबस्तानाच्या नैर्ऋत्य भागात आढळतात. हमाद्रियस, गिनी, ऑलिव्ह, पिवळा, चाक्मा व किंडा अशा सहा जाती आज बहुधा मानल्या जातात. मात्र लगतच्या जातींत संकर होतो आणि संकरित संतती प्रजननक्षम असते. त्यामुळे काही वर्गीकरणतज्ज्ञांनी या सर्वांना एकाच जातीच्या उपजाती ठरविले. इथिओपियातील अवाश व केनियातील अंबोसेली येथील संकरपट्टे यासाठी विशेष अभ्यासले गेले. जनुकीय पुराव्यावरून प्राचीन काळीही असा संकर झालेला दिसतो. तरीही प्रत्येक गटाचे रूप व वर्तन वेगळे टिकून आहे, हे पाहता सहा जातींचे मत अधिक ग्राह्य वाटते. मानव व निअँडरथल यांच्यातील संकर समजून घेण्यासही हे उदाहरण उपयोगी पडते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ पासून ठेवलेल्या हमाद्रियस कळपात नर पुष्कळ व माद्या थोड्या होत्या. मारामाऱ्यांत अनेक प्राणी दगावले. तेथील निरीक्षणांच्या आधारे सॉली झुकरमन यांनी १९३२ मध्ये लैंगिक आकर्षण हाच वानरसमाजाचा पाया मानला. पुढे हान्स कुमर यांना इथिओपियात वेगळेच दिसले : एका नराची मादीशी जोडी जमलेली पाहिली, की त्याच्या ओळखीचा दुसरा नर सहसा तिच्या वाटेला जात नाही. झुकरमन यांचा निष्कर्ष कोंडलेल्या, विषम कळपापुरताच घ्यावा हे उचित.

अंबोसेलीत १९७१ पासून प्रत्येक प्राणी ओळखून पिढ्यान्पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणपद्धतींची चिकित्सा केली. लक्ष वेधून घेणाऱ्या भांडणांचीच नोंद होऊ नये म्हणून एकच प्राणी ठरावीक वेळ पाहावा व त्याचे खाणे, बसणे, केस विंचरणे सारे टिपावे, या पद्धतीवर त्यांनी भर दिला. ती आज सर्वत्र रूढ आहे. याच नोंदींतून २००३ मध्ये दिसले, की इतरांशी अधिक मिसळणाऱ्या माद्यांची पिल्ले अधिक जगतात. मादीचा सामाजिक दर्जा सामान्यतः आईकडून येतो.

बोट्स्वानातील ओकाव्हांगो भागात चेनी व सेफार्थ यांच्या गटाने लपविलेल्या ध्वनिक्षेपकातून खोटी भांडणे ऐकविली. कनिष्ठ मादीची धमकी व वरिष्ठ मादीची किंकाळी असा उलटा क्रम ऐकताच श्रोत्या माद्या तिकडे अधिक वेळ पाहत राहिल्या. दोघी भिन्न कुटुंबांतील असल्यास हा वेळ आणखी वाढे. म्हणजे नाते व दर्जा दोन्ही त्या एकदम ताडतात.

गिनी बॅबूनांवरील काम तुलनेने अलीकडचे, मुख्यतः सेनेगलमधील आहे. तेथील नर परस्परांशी बरेच सहिष्णू आढळतात.