जड पाणी पोटात गेले तर? एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

नोव्हेंबर 2009 मध्ये कारवारजवळच्या कैगा अणुवीज प्रकल्पात 50 हून अधिक कर्मचाऱ्यांच्या लघवीत ट्रिटियमचे, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपाचे, प्रमाण वाढलेले आढळले. अणुभट्टीतले जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हे त्याचे जड रूप असलेले पाणी, कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये मिसळले होते. कॅनडातल्या पॉइंट लेप्रो प्रकल्पात 1990 मध्ये असाच प्रकार घडला होता. अशा बातम्यांमुळे जड पाणी म्हणजे किरणोत्सारी विष, अशी अनेकांची समजूत झाली. अलिबागजवळ थळला 1987 पासून जड पाण्याचा कारखाना आहे, तेव्हा महाराष्ट्रात तरी हा गैरसमज दूर व्हायला हवा. कारखान्यातून निघणारे ताजे जड पाणी किरणोत्सारी नसते. अणुभट्टीत फिरताना त्यातला ड्युटेरियम न्यूट्रॉन शोषतो आणि ट्रिटियम तयार होतो. कैगातला धोका या ट्रिटियमचा होता. निव्वळ जड पाण्याचाही शरीरावर परिणाम होतोच, पण त्याची वाट अगदी वेगळी आहे आणि तिचा शोध 1930 च्या दशकात सुरू झाला.

हॅरॉल्ड युरी यांनी 1931 मध्ये ड्युटेरियम शोधला. हायड्रोजनच्या या भावाचे वजन त्याच्या दुप्पट. 1933 मध्ये बर्कलीत गिल्बर्ट लुईस यांनी जवळजवळ शुद्ध जड पाणी वेगळे केले आणि लगेच त्याचा सजीवांवर काय परिणाम होतो ते पाहायला घेतले. तंबाखूचे बी त्यात रुजेना. एका उंदराला थोडे पाजले, तर तो झिंगल्यासारखा वागू लागला आणि त्याची तहान वाढतच गेली. मेला मात्र नाही. एका उंदरावरून निष्कर्ष काढणे शक्यच नव्हते, पण त्या वेळी थेंबाथेंबाने मिळणाऱ्या या द्रवाचा आणखी मोठा प्रयोग कोण करणार?

माणसाची पाळी लवकरच आली. 1934 मध्ये जॉर्ज हेवेशी आणि एरिक होफर यांनी अगदी सौम्य जड पाणी पिऊन ते लघवीतून किती दिवसांनी बाहेर पडते हे मोजले. प्यालेल्या पाण्यातला निम्मा भाग शरीरातून जायला साधारण 9 दिवस लागतात, असे त्यांना आढळले. या प्रयोगाचे मोल मला सगळ्यात जास्त वाटते. ‘हे विष आहे का’ एवढ्यावर न थांबता त्यांनी जड पाण्याला शरीराचा कारभार मोजण्याचे साधन केले. पुढच्याच वर्षी ऑस्लोचे औषधशास्त्रज्ञ क्लाउस हान्सेन 10 ग्रॅम जड पाणी प्याले आणि त्यांना काही अपाय झाला नाही. होणारही नव्हता. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 40 लिटर पाणी असते आणि निसर्गतःच त्यात काही ग्रॅम जड पाण्याइतका ड्युटेरियम असतो.

मग युद्ध आले, जड पाण्याला अणुभट्टीतला मंदक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा पदार्थ) म्हणून महत्त्व आले आणि जीवशास्त्र मागे पडले.

नेमकी उत्तरे मिळाली ती 1950 नंतर, शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत. आता जड पाणी मुबलक होते. जोसेफ कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना ते दीर्घकाळ पाजले. शरीरातल्या पाण्याचा पाचवा हिस्सा बदलेपर्यंत प्राणी तग धरत. सुमारे 25 टक्क्यांवर वंध्यत्व येई. एक तृतीयांशाच्या पुढे ते मरत. कारण असे की ड्युटेरियमने जोडलेले रासायनिक बंध तुटायला जास्त वेळ घेतात, त्यामुळे पेशीतल्या कितीतरी क्रिया मंदावतात. पेशी विभागताना गुणसूत्रांना ओढून वेगळे करणारे तंतू ताठरतात आणि विभाजन अडते. म्हणूनच जिथे पेशी सतत नव्या होतात त्या अस्थिमज्जेला आणि आतड्याच्या अस्तराला पहिला फटका बसतो. किरणोत्साराने किंवा केमोथेरपीने होणाऱ्या इजेशी याचे साम्य आहे. गैरसमजाला त्याचाही हातभार लागला असावा. याउलट काही शैवाले सवय करून घेत जवळजवळ शुद्ध जड पाण्यातही वाढली.

हेच प्रमाण माणसाला लावले, तर गंभीर अपायासाठी अंगातले आठ-दहा लिटर पाणी बदलावे लागेल, म्हणजे कित्येक दिवस दुसरे काहीच न पिता जड पाणीच प्यावे लागेल. चुकून घोटभर पोटात गेल्याने तसे होत नाही. मात्र 100–200 ग्रॅम एकदम प्याले, तर भोवळ येऊ शकते. कॅनडातले संशोधक मनी आणि माइल्स यांनी 1974 मध्ये याचे कारण दाखवले: अंतःकर्णातला तोल सांभाळणारा पडदा आणि त्याभोवतीचा द्रव यांच्या घनतेत तात्पुरता फरक पडतो. दारूनेही असाच फरक पडतो, पण उलट दिशेने.

चवीचा वाद त्याहून लांबला. युरी यांनी 1935 मध्ये स्वतः चाखून साध्या पाण्याहून चव वेगळी लागत नाही असे सांगितले होते. 2021 मध्ये प्राग आणि जेरुसलेमच्या संशोधकांनी ते माणसाला किंचित गोड लागते, आणि जिभेवरचा गोडाचा ग्राहीच (चव ओळखणारा रेणू) त्याने जागा होतो, हे दाखवून दिले. उंदरांना ती गोडी कळत नाही.

हेवेशींनी सुरू केलेली वाट आज पोषणशास्त्रात रुळली आहे. आईला ड्युटेरियमयुक्त पाण्याचा छोटा डोस देऊन बाळाच्या पोटात अंगावरचे दूध किती जाते हे मोजतात. आई आणि बाळ दोघांच्या लाळेचे नमुने त्यासाठी पुरतात. 2017 मध्ये अमेरिकेत हंटिंग्टन आजारातल्या अनैच्छिक हालचालींवर ड्युटेट्राबेनाझिन हे औषध मंजूर झाले. त्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवल्याने शरीर ते सावकाश मोडते, आणि डोस कमी वेळा घ्यावा लागतो.