तीन बरगड्या, दोन ठिकाणी: ‘फ्लेल’ या शब्दामागचा इतिहास

‘डावीकडील तिसऱ्या ते आठव्या बरगडीला फ्रॅक्चर.’ अपघातानंतरच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये बरेचदा एवढंच असतं. मोड पुढे आहे, बगलेखाली आहे की पाठीकडे, हे त्यात नसतं. टोकं समोरासमोर आहेत की सरकली आहेत, एखादी बरगडी दोन जागी मोडली आहे का, हेही नसतं. मोडलेल्या बरगड्या शस्त्रक्रियेने धातूची प्लेट बसवून कुणाच्या जोडायच्या, हा गेल्या दोन दशकांतला वाद नेमका या न लिहिलेल्या गोष्टींवरून आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. छातीला चिकटपट्टी आवळून बांधणं हा जुना उपाय. दुखणं कमी व्हायचं, पण श्वास उथळ व्हायचा, कफ आत साठायचा आणि न्यूमोनिया गाठायचा. मग बाकीच्या छातीपासून सुटून हलणारा भाग, म्हणजे ‘फ्लेल’, चिमट्यांनी धरून वजनाने बाहेर ओढून ठेवायचे प्रयोग झाले. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने व्हेंटिलेटरच्या दाबानेच छाती आतून सावरून धरायची पद्धत मांडली. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं फ्लेल दिसला की व्हेंटिलेटर, असा शिरस्ता पडला. १९७५ मध्ये एका छोट्या तुलनेने त्याला धक्का दिला. खरा त्रास खालच्या चेचलेल्या फुफ्फुसाचा आहे, तो सांभाळला आणि वेदना आटोक्यात ठेवली तर अनेकांना यंत्र लागत नाही, असं त्यातून पुढे आलं.

बरगड्या मोजण्यावर भर आला तो मुख्यतः २००० सालच्या एका अमेरिकी अभ्यासाने. ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण २२ टक्के, तर त्याहून लहान वयाच्या रुग्णांत १० टक्के. न्यूमोनिया ३१ आणि १७ टक्के. ज्येष्ठांमध्ये मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीगणिक धोका चढत गेला. या आकड्यांनी मोठं काम केलं: सत्तरीतला माणूस घरात घसरून पडला, चार बरगड्या मोडल्या, तर त्याला वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवणं धोक्याचं आहे, हे पटलं. उपचाराचा कणा मात्र वेदनाशमनच राहिला. आधी एपिड्युरल (पाठीच्या कण्याजवळ बारीक नळीतून बधिर करणारं औषध), मग २०१० नंतर सोनोग्राफीच्या मदतीने द्यायचे नवे ब्लॉक, म्हणजे छातीच्या नसा बधिर करणारी इंजेक्शनं. वॉर्डातलं चित्र साधं असतं. रुग्ण छातीशी उशी घट्ट धरून खोकतो आणि श्वासाच्या व्यायामाच्या, तीन प्लास्टिकच्या गोळ्या असलेल्या यंत्रातून श्वास ओढतो. पहिली गोळी वर जाते, दुसरी थरथरते. दुखणं आटोक्यात आलं की दुसरीही चढते. हा साधा भाग जिथे नीट होतो तिथे पुढचे बरेच प्रश्न उभेच राहत नाहीत, असं मला ठामपणे वाटतं.

आता ‘फ्लेल’. मूळ शब्द युरोपातल्या मळणीच्या अवजाराचा: दोन काठ्या कातडी पट्ट्याने जोडलेल्या, त्यातली एक सैल झुलणारी. छातीचा तुकडा तसाच सुटतो आणि श्वास घेताना आत, सोडताना बाहेर जातो. पुस्तकी व्याख्या मात्र हाडांची आहे: लागोपाठ तीन किंवा अधिक बरगड्या, प्रत्येक दोन किंवा अधिक ठिकाणी मोडलेली. काही ठिकाणी दोनच बरगड्या पुरेशा मानल्या गेल्या. एक व्याख्या स्कॅनवर दिसते, दुसरी खाटेशेजारी उभं राहून बघावी लागते, आणि या दोन्ही दरवेळी जुळत नाहीत. पाठीकडचा तुकडा खांद्याचं पातं आणि जाड स्नायूंखाली दबून राहतो, हलताना दिसत नाही. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर दाबामुळे उलटी हालचालच थांबते. कधी पहिल्या दिवशी स्नायू आवळून छाती धरून ठेवतात, आणि ते थकले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुकडा सुटल्याचं दिसतं. याच्या उलटही घडतं. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना बरगड्या किंवा कूर्चा एकेकदाच तुटल्या, तर पुढचा सगळा भाग हलतो आणि तरी तो ‘दोन ठिकाणी’ या अटीत बसत नाही.

शब्दाचा हा घोळ फक्त पुस्तकात राहिला नाही. प्लेट कुणाला बसवायची याचा निकष बहुतेक ठिकाणी फ्लेलच होता. २००२ मध्ये जपानच्या चाचणीत ३७ रुग्ण होते, दुखापतीच्या पाचव्या दिवशीही व्हेंटिलेटरवर असलेले. २००५ मध्ये इजिप्तमध्ये ४० रुग्ण, २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात ४६, तेही व्हेंटिलेटरवरून लवकर निघायची शक्यता नसलेले. तिन्ही चाचण्यांचे निष्कर्ष शस्त्रक्रियेच्या बाजूने उद्धृत होत राहिले, पण त्यातला रुग्ण एकसारखा नव्हता.

२०१९-२० च्या सुमारास छातीच्या दुखापतींवर काम करणाऱ्या अनेक देशांतल्या शल्यचिकित्सकांनी फेऱ्या-फेऱ्यांनी मतं घेऊन भाषा ठरवली. स्कॅनवर दिसतो तो ‘फ्लेल सेगमेंट’, डोळ्यांना हलताना दिसते ती ‘फ्लेल चेस्ट’. जागा तीन: पुढची, बाजूची, मागची. मोडलेल्या टोकांचा ९० टक्क्यांहून अधिक संपर्क असेल तर न सरकलेलं, थोडा संपर्क असेल तर अर्धवट सरकलेलं, अजिबात नसेल तर पूर्ण सरकलेलं. आकड्यापेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे आणि रिपोर्टमध्ये ती लिहायला दोन ओळी पुरतात.

२०२२ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २०७ रुग्ण, आणि फ्लेलबरोबरच खूप सरकलेली फ्रॅक्चरही त्यात घेतलेली. व्हेंटिलेटरशिवायचे दिवस २८ पैकी सरासरी शस्त्रक्रिया झालेल्यांत २२.७ आणि न झालेल्यांत २०.६ निघाले. फरक शस्त्रक्रियेच्या बाजूचा, पण सांख्यिकीच्या कसाला न उतरणारा. शस्त्रक्रिया झालेल्यांत एकही मृत्यू नव्हता, दुसऱ्या गटात सहा होते. फायदा दिसला तो चाचणीत येतानाच व्हेंटिलेटरवर असलेल्यांत. स्वतःच्या श्वासावर असलेल्यांत तो दिसला नाही.