जेरुसलेम, १९१८ ते १९२० : तीन पंचांगं आणि एक लष्करी राजवट

९ डिसेंबर १९१७ला तुर्कांच्या हातून जेरुसलेम गेलं. दोन दिवसांनी ब्रिटिश सेनापती जनरल ॲलन्बी जाफा दरवाजातून पायी आत आले आणि लष्करी कायद्याचा जाहीरनामा वाचला गेला. सर्व धर्मांची पवित्र स्थळं पूर्वापार वहिवाटीप्रमाणे चालतील, ही त्यातली मुख्य हमी. हरम अल-शरीफवर, म्हणजे अल-अक्सा मशिदीच्या आवारावर, मुसलमान शिपायांचा पहारा बसला. ते हिंदी फौजेतले होते.

ही वहिवाट म्हणजे मुख्यतः १८५२च्या सुलतानी फर्मानाचं ‘जैसे थे’. येशूची मानल्या जाणाऱ्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये कोणत्या पंथाने कुठे, कधी पूजा करायची आणि कुठली पायरी कोणी झाडायची, इथपर्यंत ते ठरलेलं होतं. पवित्र अग्नीचा विधी बघा. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आदल्या शनिवारी कबरीची झडती होते, दार मेणाने मोहोरबंद होतं, मग धर्मगुरू आत जातात. बाजूच्या दोन भोकांतून ज्योत बाहेर येते, एकीकडून ग्रीकांना, दुसरीकडून आर्मेनियनांना. लोकांच्या हातात ३३-३३ मेणबत्त्यांच्या जुड्या, आणि बाहेर पडायला वापरात एकच मोठं दार. १८३४मध्ये, इब्राहिम पाशाच्या इजिप्शियन फौजेच्या ताब्यात शहर असताना, याच गर्दीत शेकडो माणसं चेंगरून मेली.

खरी गोम पंचांगांत होती: ज्यू, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स सण तीन वेगळ्या पंचांगांनी ठरत. १९१८मध्ये ज्यूंचा वल्हांडण २७ मार्चच्या संध्याकाळी सुरू झाला, कॅथलिक ईस्टर ३१ मार्चला आणि ऑर्थोडॉक्स ईस्टर थेट ५ मेला. बंदोबस्ताला उसंत मिळाली. १९१९मध्ये दोन्ही ईस्टर २० एप्रिललाच. १९२०मध्ये वल्हांडण ३ एप्रिलच्या आसपास, कॅथलिक ईस्टर ४ला, ऑर्थोडॉक्स ११ला.

यात चौथा सण नबी मुसाचा, म्हणजे पैगंबर मोझेसचा. सण मुसलमानांचा, पण हिजरी चंद्रमासाने फिरत नाही. ऑर्थोडॉक्स ईस्टरला बांधलेला आहे. गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी सुरुवात. ख्रिस्ती यात्रेकरूंच्या गर्दीला तोड म्हणून तो याच आठवड्यात बसवला, असं सांगतात. श्रेय बाराव्या शतकातल्या सुलतान सलाउद्दीनला देतात. दर्गा मात्र मामलुक सुलतान बैबर्सने १२६९मध्ये बांधला, शहराच्या पूर्वेला जेरिकोच्या वाटेवर. नाब्लस, हेब्रोन अशा गावांची निशाणं आधी शहरात येत, मग सगळे मिळून दर्ग्याकडे उतरत. तुर्की अमलात या मिरवणुकीला सरकारी मान होता आणि अरुंद गल्ल्यांत हजारोंनी सैनिक उभे राहत. ब्रिटिशांनी मान ठेवला, मनुष्यबळ ठेवलं नाही. १९२०मध्ये गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स यांच्या हाताशी पोलीस दोनशेही नव्हते.

त्यातच पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणाऱ्या ब्रिटनच्या १९१७च्या बाल्फोर घोषणेने वातावरण तापलेलं. ४ एप्रिलला हेब्रोनची मिरवणूक नेहमीची वाट सोडून जाफा दरवाजाबाहेर थांबली. भाषणं लांबली. अशा मिरवणुकीत धोका चालण्यात कमी, थांबण्यात जास्त: मागची माणसं येत राहतात, पुढची हलत नाहीत. दगड पडले आणि लूट-मारहाण जुन्या शहराच्या ज्यू वस्तीत शिरली. ७ एप्रिलपर्यंत ५ ज्यू आणि ४ अरब मेले. जखमी दोनशेहून अधिक, बहुतेक ज्यू.

नंतर ब्रिटिशांनी नेमलेल्या पेलिन चौकशी समितीने लष्करावर बोट ठेवलं ते ५ एप्रिलच्या पहाटेसाठी. शहर शांत झालं असं समजून तटबंदीच्या आतलं सैन्य मागे घेतलं होतं, आणि त्याच दिवशी दंगा पुन्हा पेटला.