टोचलेले 10 युनिट, पोहोचलेले किती?

लातूर जिल्ह्यातील माझ्या परिचयाच्या एका घरात टाइप वन मधुमेह असलेली शाळकरी मुलगी आहे. एका मे महिन्यात तिची साखर आठवडाभर 300 च्या खाली येईना, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकच निदान केले: पोरीने चोरून आमरस खाल्ला. भाकरी मोजलेली, सुई वेळेवर टोचलेली, तरी तिच्यावरचा आळ हटला नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढे इन्सुलिनची नवी बाटली उघडली, साखर उतरली आणि मग भर दुपारी 60 पर्यंत घसरू लागली. या चढउतारांचे कारण आमरसात शोधणाऱ्यांना सुई आणि रक्त यांच्यामधला प्रवास ठाऊक नसतो, म्हणून हा लेख.

सिरिंजमध्ये 10 युनिट भरले म्हणजे रक्तात 10 युनिट गेले, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्याच माणसाला, त्याच जागी, तेवढाच डोस दिला तरी त्याच्या शोषणात एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत पाव हिश्शाइतका फरक पडू शकतो.

याचे मूळ इन्सुलिनच्या रेणूच्या स्वभावात आहे. हा रेणू 51 अमिनो आम्लांचा, दोन साखळ्यांत गुंफलेला असतो. 1969 मध्ये डोरोथी हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची त्रिमितीय रचना उलगडली. बाटलीतल्या साध्या इन्सुलिनमध्ये हे रेणू सुटे नसतात. दोन-दोन रेणूंच्या तीन जोड्या जस्ताच्या दोन अणूंभोवती जमून सहांचे षट्क तयार होते. षट्क टिकाऊ असते, पण केशवाहिनीच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीच्या, भिंतीतून सहज पार होण्याइतके लहान नसते. त्वचेखाली टोचल्यावर आजूबाजूच्या द्रवात ते पातळ होते, जस्त निसटते, षट्काच्या जोड्या होतात, जोड्यांचे सुटे रेणू होतात आणि मग हे रेणू रक्तात शिरतात. म्हणूनच साधे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावे लागते. 1996 मध्ये बाजारात आलेल्या लिस्प्रो या प्रकारात एका साखळीच्या टोकाजवळच्या दोन अमिनो आम्लांची फक्त अदलाबदल केली आहे. तेवढ्याने जोड्यांची पकड ढिली होते आणि औषध लवकर काम करू लागते. दोन विटांची जागा बदलून इमारतीचा स्वभाव बदलावा, तसे हे आहे. मला रसायनशास्त्रातले याहून देखणे उदाहरण आठवत नाही.

मराठवाड्याचा उन्हाळा या प्रवासात दोन ठिकाणी ढवळाढवळ करतो. पारा 42-43 अंशांवर गेला की अंग गार ठेवण्यासाठी त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, टोचलेले इन्सुलिन भराभर वाहून नेले जाते आणि साखर अनपेक्षितपणे घसरते. उलट, बाटलीतच उष्णता पोहोचली तर रेणूची घडी उसवते आणि उसवलेले रेणू एकमेकांना चिकटून निरुपयोगी तंतू होतात. हिसक्यांनी ही क्रिया आणखी वेगाने होते. तालुक्याच्या मेडिकलमधून दुचाकीच्या डिकीत ठेवून, खडबडीत रस्त्याने गावी आणलेल्या बाटलीला ऊन आणि हिसके दोन्ही मिळतात. साधे इन्सुलिन गढूळ दिसले तर ते टाकून द्यावे हे खरे, पण स्वच्छ दिसणारे इन्सुलिनही कमजोर झालेले असू शकते. त्या मुलीच्या घरी बहुधा हेच घडले: कमजोर औषधासाठी वाढवलेला डोस ताज्या बाटलीलाही तसाच राहिला आणि त्यात उन्हाने शोषणाचा वेग वाढवला.

दुसरे कारण बोटांनी चाचपून सापडते. इन्सुलिन चरबीच्या पेशींना वाढवते, त्यामुळे रोज एकाच जागी टोचले की तिथे मऊ, रबरासारखी गाठ होते. गाठीवर सुई कमी दुखते, म्हणून मुले पुन्हा तिथेच टोचतात आणि शोषण बेभरवशाचे होते. जागा बदलताना मात्र जुना डोस निरोगी जागी जास्त ठरू शकतो, हे डॉक्टरांशी आधी बोलावे.

तिसरी चूक आपल्याकडची खास आहे. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलीलिटरला 40 युनिटचे असते आणि पेनमधले 100 चे. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, नारिंगी टोपणाची 100 साठी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होतो किंवा दोन पंचमांशावर येतो.

शरीराकडूनही गरज बदलते. पहाटे वाढणारी संप्रेरके, वयात येणे, पाळीआधीचे दिवस आणि ताप यांमुळे ती वाढते. दिवसभर कापूस वेचल्यावर ती दुसऱ्या दिवशीपर्यंत कमी राहू शकते. थायरॉइड किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचा विकारही क्वचित कारण असतो, म्हणून बदल टिकून राहिला तर तपासणी हवी.

अशा गोंधळात ‘इन्सुलिनची सवय लागते, हे चूर्ण घ्या’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. टाइप वनमध्ये स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी जवळजवळ नष्ट झालेल्या असतात. सवयीचा प्रश्न येतोच कुठे? जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत एका 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन मिळाले, त्याआधी अशी मुले फार काळ जगत नसत. उलट्या होत असल्या आणि जेवण जात नसले तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. कीटोन (इन्सुलिन कमी पडले की चरबी जळून रक्तात साचणारी आम्ले) तपासावेत आणि दवाखाना गाठावा.

त्या घरी आता बाटलीवर उघडल्याची तारीख लिहितात, कारण उघडलेले इन्सुलिन साधारणतः 30 अंशांखाली 4 आठवडेच भरवशाचे असते. न उघडलेल्या बाटल्या शेजारच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून दूर असतात, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन टाकावेच लागते. वापरातली बाटली कोरड्या डब्यात घालून दोन मडक्यांच्या आतल्या मडक्यात ठेवतात आणि मधली वाळू ओली करतात. पाऊस सुरू झाल्यावर हवेतल्या दमटपणामुळे हे मडके पूर्वीइतके गार होत नाही, पण तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो.