उठलं की बसतो तो शॉक

संक्रांत झाल्यावरच्या शनिवारी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर हळदीकुंकू होतं. एरवी ते संध्याकाळी असतं, पण यंदा इंदूरची थंडी अशी काही जोरात होती की बायकांनी एकमताने दुपारचे तीन ठरवले. टेंटवाल्याने पन्नास प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खाली अंथरायला ते त्याचं हिरवं कार्पेट आणून टाकलं. खुर्च्या मोजून घेणं आणि वाणाच्या स्टीलच्या डब्या वर आणून देणं एवढंच माझ्याकडे होतं, त्यामुळे पुढचा प्रकार मला कठड्याशी उभं राहून नीट बघता आला.

वहिनी खुर्चीवरून उठल्या, समोर बसलेल्या काकूंच्या कपाळाकडे कुंकवाचं बोट नेलं आणि 'चट्ट!' दोघी दचकल्या. पुढच्या खुर्चीपाशी काही झालं नाही. मग वहिनी जरा टेकल्या, पुन्हा उठल्या आणि पुन्हा चट्ट! एका आजींनी लगेच निकाल दिला, "हिच्या अंगात देवीचं तेज आहे." दुसऱ्या बाईंनी मोबाइलवर तांब्याचं कडं दाखवलं. किंमत नऊशे रुपये, अंगातली 'निगेटिव्ह एनर्जी' ओढून घेतं म्हणे. न राहवून मी म्हणालो, "तेज वहिनींच्या अंगात नाही, खुर्चीत आहे." घरी आल्यावर लक्षात आलं, की हेही अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे.

शाळेत आपण कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलतो आणि घर्षणाने स्थिर वीज, म्हणजे एका जागी साठून राहणारी वीज, तयार होते असं पाठ करतो. घर्षण हा शब्द थोडा फसवा आहे. दोन वेगळे पदार्थ नुसते चिकटले आणि सुटले, तरी एकाकडचा थोडा विद्युत प्रभार दुसऱ्याकडे जातो. घासल्याने फक्त जास्त ठिकाणी स्पर्श होतो. ही गोष्ट फार जुनी आहे. अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा फार जुना, घट्ट झालेला पिवळा खडा, याला संस्कृतात तृणमणी म्हणतात, म्हणजे घासल्यावर गवताची काडी ओढणारा मणी. कोणता पदार्थ कोणासमोर धन होतो आणि कोणासमोर ऋण, याची पहिली यादी योहान कार्ल विल्के या शास्त्रज्ञाने १७५७ साली केली. लोकर, नायलॉन आणि आपली कातडी हे यादीच्या धन टोकाला असतात. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे ज्याची ही साच्यातली खुर्ची बनते ते प्लास्टिक, ऋण बाजूला. सुती कापड जवळजवळ मधोमध. वहिनींच्या अंगावर लोकरीची शाल होती, ती पाठीशी खुर्चीला घासत होती. यादीतली दोन टोकं एकमेकांना टेकलेली!

हा प्रभार नेमका कोण वाहून नेतं यावर अजून वाद आहे. कोणी म्हणतं सुटे इलेक्ट्रॉन, कोणी म्हणतं आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, कोणी म्हणतं पदार्थाचे अतिसूक्ष्म कणच खरवडून पलीकडे जातात. २०११ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की घासलेला पृष्ठभाग सरसकट धन किंवा ऋण नसतो. त्यावर धन-ऋण ठिपक्यांची रांगोळी असते आणि ज्या ठिपक्यांची बेरीज जास्त ते जिंकतात. आमच्याच इंदूरमध्ये, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या कणत्वरकाच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने पळवतात, आणि शाल-खुर्चीचं भांडण मात्र अजून पुरतं मिटलेलं नाही. मला याचा फार आनंद होतो.

आता माझा आवडता भाग. वहिनी खुर्चीवर बसल्या होत्या तेव्हाही प्रभार वेगळा झालेलाच होता. मग बसल्या बसल्या शॉक का नाही? उठल्यावरच का?

उत्तर 'धारिता' या कंटाळवाण्या शब्दात आहे. परातीत बोटभर उंचीचं पाणी आहे असं समजा. तेच पाणी अरुंद उभ्या नळीत ओतलं तर पाणी तेवढंच, पण पातळी छताला लागेल. प्रभार म्हणजे पाणी, व्होल्टेज म्हणजे पातळी आणि धारिता म्हणजे भांड्याची रुंदी. माणूस खुर्चीवर बसलेला असतो तेव्हा त्याचा धन प्रभार आणि खुर्चीचा ऋण प्रभार यांच्यात जेमतेम कापडाच्या सुरकुतीएवढं अंतर असतं. जवळ असलेले विरुद्ध प्रभार एकमेकांना धरून ठेवतात, म्हणजे भांडं रुंद, परातीसारखं. माणूस उठतो तेव्हा अंतर वाढतं आणि परातीची नळी होते.

ढोबळ हिशेब करू. टेकलेला भाग ०.१ चौरस मीटर आणि मधली सरासरी फट ०.१ मिलिमीटर धरली तर धारिता येते सुमारे ९,००० पिकोफॅरड (हे धारिता मोजायचं अगदी छोटं एकक). उभ्या माणसाची जमिनीच्या सापेक्ष धारिता असते साधारण १५० पिकोफॅरड. म्हणजे साठ पटीने कमी. प्रभार तोच राहिला तर व्होल्टेज साठ पटीने वर! बसताना १७० व्होल्ट असतील तर उभं राहिल्यावर १०,०००. कोणी काही घासलं नाही, कुठून वीज आणली नाही, फक्त उठलं.

ज्यांना भौतिकशास्त्र आठवतंय ते इथे हरकत घेतील. प्रभार तोच आणि व्होल्टेज साठपट, म्हणजे ऊर्जाही साठपट झाली. ती कुठून आली? वहिनींच्या गुडघ्यांतून. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढत असताना त्यांना तोडून लांब न्यायला काम करावं लागतं, आणि ते काम पाय करतात. ते होतं सुमारे साडेसात मिलिज्यूल. ६० किलोचा माणूस ४० सेंटिमीटर वर उचलायला लागतात २३५ ज्यूल, म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग. त्यामुळे खुर्ची आपल्याला मागे ओढते हे कधी कळत नाही. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १७७५ मध्ये 'इलेक्ट्रोफोरस' नावाचं यंत्र प्रसिद्ध केलं ते नेमकं असं चालायचं: राळेच्या प्रभारित थाळीवर धातूची तबकडी ठेवायची, तिला बोट लावायचं, उचलायची आणि ठिणगी काढायची, पुन्हा ठेवायची, पुन्हा ठिणगी. थाळीतला प्रभार संपत नाही, कारण ऊर्जा दर वेळी उचलणारा हात देतो. टेंटवाल्याने आमच्या गच्चीवर पन्नास इलेक्ट्रोफोरस भाड्याने दिले होते.

कोरड्या हवेत ठिणगीला दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात. म्हणजे १०,००० व्होल्टवाल्या बोटाने कपाळाच्या तीन मिलिमीटरवर येताच हवा फुटते. त्या क्षणी प्रवाह काही अँपिअरचा असतो, पण एका मायक्रोसेकंदाच्याही आत सगळं संपतं. दुखतं, कारण बोटाचं टोक आणि चेहरा दोन्ही ठिकाणी नसा दाटीने आहेत. जीव जात नाही, कारण मागून पुरवठा नाही.

म्हणूनच एक फरक पक्का लक्षात ठेवा. स्थिर विजेचा चटका एकदाच बसतो. लगेच पुन्हा हात लावला तर काही होत नाही. उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि पुन्हा लावला तरी येतात, ते वेगळं आहे. ती घरातली २३० व्होल्टची गळती आहे आणि ती माणूस मारते. तिथे या लेखातला एकही उपाय चालत नाही. प्लग काढा, इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या.

दमट हवेत असे शॉक बसत नाहीत, कारण ओल्या हवेतून वीज वाहून जाते, असं बरेच जण सांगतात. मीही वर्षानुवर्षं सांगत होतो. ते चूक आहे. पाण्याची वाफ मिसळली म्हणून हवा काही वाहक होत नाही. खरं काम वस्तूच्या पृष्ठभागावर होतं. हवा दमट असली की प्लास्टिकवर, कापडावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि प्रभार त्यावरून घरंगळत जमिनीत जातो. आता आमची गच्ची बघा. सकाळी १० अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी २६ अंशांना पोहोचली की, वाफ तेवढीच असूनही, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते. दोन तास उन्हात तापून ४० अंशांवर गेलेल्या खुर्चीला चिकटलेल्या हवेत ती जेमतेम १३ टक्के उरते. सावलीतली खुर्ची आणि उन्हातली खुर्ची यांत हा फरक असतो. ऊन वीज तयार करत नाही, ऊन खुर्ची वाळवतं.

मग एप्रिल-मेमध्ये तर माळव्यातली हवा याहून कोरडी, तेव्हा का नाही? तेव्हा आपण सुती कपड्यांत असतो, घामाने खारट झालेलो असतो आणि घरभर अनवाणी फिरतो.

अनवाणीवरून आठवलं. स्थिर विजेच्या लेखी 'वाहक' या शब्दाचा अर्थ फार उदार आहे. घरच्या वायरिंगला १०० कोटी ओहमचा रोध म्हणजे भिंत. पण १५० पिकोफॅरडचा माणूस त्यातून ०.१५ सेकंदाच्या हिशेबाने रिकामा होतो, म्हणजे उठेपर्यंत मोकळा. त्यामुळे सिमेंटची फरशी, लाकडी बाक, सुती सतरंजी, चामड्याच्या तळव्याची चप्पल ही सगळी इथे चांगलीच वाहक ठरतात. रबरी स्लिपर आणि ते हिरवं कार्पेट नाही. बायकांनी चपला जिन्यात काढल्या होत्या. पाय गच्चीच्या फरशीवर असते तर बहुधा काहीच झालं नसतं, मध्ये कार्पेट आलं.

लोखंडी झोपाळ्याचंही तसंच. छताच्या कडीला साखळीने टांगलेला असेल तर साखळी, कडी आणि काँक्रीट मिळून प्रभार वाहून नेतात. हल्ली बाल्कनीत येतो तो स्टँडवाला, ज्याच्या पायांना प्लास्टिकची बुचं असतात, तो अधांतरी असतो. त्याच्यावर बसणाराच नाही, तो स्वतःही प्रभार साठवतो आणि रंग नसलेल्या बोल्टला हात लागला की चटका देतो. एका पायाचं बूच काढलं, की झालं. फरशीवर ओरखडा पडेल, तेवढं घरच्यांशी तुम्ही बघून घ्या.

प्लास्टिकच्या खुर्चीवर सुती चादर टाका, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. चादर नसेल तर बादलीभर पाण्यात झाकणभर फॅब्रिक कंडिशनर घालून त्या फडक्याने खुर्ची पुसा आणि तशीच वाळू द्या. त्यातल्या रेणूंचं एक टोक प्लास्टिकला चिकटतं आणि दुसरं हवेतलं पाणी धरून ठेवतं. पावसात किंवा धुतल्यावर हा थर जातो, मग पुन्हा पुसायचं. याहून सोपं म्हणजे जमिनीशी जोडलेला धातू धरूनच उठायचं. उठून मग धरायचा नाही, तर आधी धरायचा आणि धरलेला असतानाच उठायचं. मग परातीची नळी होत असतानाच पाणी गळत राहतं आणि पातळी चढतच नाही. हिवाळ्यात कारमधून उतरताना दाराची धातूची कड अशीच धरावी. ते राहून गेलं तर मुठीत किल्ली घट्ट धरून तिचं टोक टेकवा. ठिणगी किल्लीवर पडते, बोटाच्या टोकाला कळत नाही.

आणि ते कडं? इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत मनगटाला पट्टा बांधतात खरा, पण त्याला वायर असते, आणि ती वायर दहा लाख ओहमच्या रोधातून जमिनीला जोडलेली असते. बिनवायरचं कडं म्हणजे बिननळाची तोटी. तांबं उत्तम वाहक आहे, पण वाहून न्यायचं कुठे?

रथसप्तमीपर्यंत अजून दोघींकडची हळदीकुंकवं व्हायची होती. पुढच्या वेळी कार्पेट आलं नाही, सतरंज्या आल्या. वहिनींची खुर्ची कठड्याशी ठेवली होती. तिथल्या लोखंडी रेलिंगचा रंग वर्षानुवर्षं हात लागून एका जागी उडालाय, तीच जागा धरून त्या उठत होत्या. एकदाही चट्ट झालं नाही. आजींनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग शेजारणीला हळूच म्हणाल्या, "गेलं गं तिचं तेज."