एग ड्रॉप : अंड्याच्या संरक्षक डब्याची रचना

ठरावीक उंचीवरून सोडलेले कच्चे अंडे न फुटता जमिनीवर पोचावे, यासाठी विद्यार्थ्यांनी साध्या साहित्यातून डबा किंवा सांगाडा बनवण्याची शालेय विज्ञान स्पर्धा. अमेरिकेतील शाळांत ती विशेष रुळलेली आहे. भारतातही शाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून घेतली जाते. साहित्य, एकूण वजन आणि पॅराशूट चालेल की नाही याचे नियम जागोजागी वेगळे असतात. म्हणून कात्री हातात घेण्यापूर्वी नियमपत्रक वाचावे.

दुसऱ्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे ६ मी. उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला जवळजवळ ११ मी. असतो. ५५ ग्रॅ.च्या अंड्यात त्या क्षणी ऊर्जा असते ती जेमतेम ३.२ जूल. ती किती अंतरात जिरते, यावर सारे ठरते. उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले की अंड्यावर त्याच्या वजनाच्या किती पट सरासरी बल येते ते कळते. अंडे ५ मिमी.त थांबले तर १,२०० पट, म्हणजे सुमारे ६६ किलोचा भार, ८ सेंमी.त थांबले तर ७५ पट, म्हणजे चार किलोंच्या आसपास. अंड्याचे कवच ०.३ ते ०.४ मिमी. जाड असते आणि दोन सपाट फळ्यांमध्ये दाबल्यास साधारण ३ ते ४ किलोंना तडकते. म्हणजे ८ सेंमी. मिळाले तरी काम अर्धेच होते. तो भार एका बिंदूवर न येता कवचाच्या मोठ्या भागावर पसरला पाहिजे.

यासाठी दोन थर लागतात, आणि त्यांची कामे वेगळी ठेवणे हेच चांगल्या रचनेचे मर्म आहे. आतला थर अंड्याला सर्व बाजूंनी कवेत घेतो, बाहेरचा थर चुरगळून ऊर्जा खातो. नवशिके बहुधा सगळी मेहनत आतल्या मऊपणावर घेतात आणि बाहेर टणक खोका ठेवतात.

आतल्या थरासाठी ५ सेंमी. जाडीचे स्पंजचे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येकात सुमारे २ सेंमी. खोल, अंड्याच्या आकाराची खोबण कात्रीने कोरावी. अंडे आधी अंधारात टॉर्चसमोर धरून बारीक तडा नाही ना ते पाहावे, पातळ पिशवीत घालावे आणि आडवे ठेवावे. उभे अंडे अधिक बळकट असते हा समज जुना आहे. पण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आडवी पडलेली अंडी कमी फुटली. तडकण्यासाठी लागणारे बल दोन्ही स्थितींत जवळपास सारखेच असते, पण आडवे अंडे तडकण्यापूर्वी जास्त चेपते. स्पंजभोवती सेलोटेप घट्ट आवळू नये. आवळलेला स्पंज आधीच दबलेला असतो. आपटताना दबायला त्याच्यात जागा उरत नाही. ही जोडी १५ सेंमी.च्या पुठ्ठ्याच्या हलक्या खोक्यात मधोमध बसवून मोकळी जागा चुरगळलेल्या वर्तमानपत्राने भरावी. जागा रिकामी राहिली तर अंडे एका कोपऱ्याकडे सरकते.

बाहेरचा थर म्हणजे खोक्याच्या तळाला टोक खाली करून चिकटवलेले चार कागदी शंकू, प्रत्येकी १० सेंमी. उंच आणि तोंडाशी ६ सेंमी. रुंद. टोक खाली असल्याने चुरगळणे हलके सुरू होते आणि हळूहळू वाढते. स्प्रिंग किंवा फुगा ऊर्जा परत देतो, डबा उसळतो आणि दुसऱ्यांदा कसाही पडतो. चुरगळलेला कागद ती परत देत नाही. अपोलो मोहिमांच्या चांद्रयानाच्या पायांतही याच कारणासाठी चेपणारी ॲल्युमिनियमची मधपोळ्यासारखी जाळी होती. सगळे मिळून वजन २०० ग्रॅ. असेल आणि शंकू ८ सेंमी. दबणार असतील, तर प्रत्येकाने सरासरी ३.५ ते ४ किलो भाराखाली दबायला हवे. एक शंकू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभा धरून दाबला की हे पाहता येते. वर्तमानपत्राचा शंकू बहुधा आधीच बसतो, कार्डशीटचा हटत नाही. ड्रॉइंग पेपरपासून सुरुवात करावी. फेविकॉल रात्रभर वाळू द्यावा. खोका तळावरच उतरावा म्हणून वरच्या बाजूला क्रेप कागदाची मीटरभर शेपटी लावावी. तिच्याविना तो कलंडतो आणि शंकू वाया जातात.

पॅराशूटची परवानगी असल्यास १५० ग्रॅ. वजनाला सुमारे ७० सेंमी. व्यासाचे पातळ प्लॅस्टिक वेग सेकंदाला ३ मी.पर्यंत आणते. आठ दोऱ्या, प्रत्येक व्यासाइतकी लांब, आणि मध्यावर ५ सेंमी.चे भोक घ्यावे; भोक नसेल तर छत्री डोलते. ३ मी.हून कमी उंचीवर ती उघडेपर्यंतच जमीन येते. स्ट्रॉचे सांगाडे करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की भारतात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक स्ट्रॉवर बंदी आहे. कागदी स्ट्रॉ डिंकाने भिजून लुळ्या पडतात, म्हणून सांधे टेपने बांधावेत.

पहिल्या चाचण्या अंड्याऐवजी त्याच वजनाच्या बटाट्यावर मातकामाच्या चिकणमातीचा पातळ थर देऊन, १ मी. उंचीपासून घ्याव्यात. मातीवर उमटलेला खड्डा भार कुठे आला ते दाखवतो. शंकूंची उरलेली उंची दर वेळी मोजावी. पूर्ण उंचीवरून ते फक्त ३ सेंमी. दबले असतील तर कागद फार ताठ आहे. पूर्ण चपटे होऊन खोक्याच्या तळालाही पोचा आला असेल तर फार मऊ.