उत्तर द्यायला उभं कोण राहतं? आयरिश संसदेतली जुनी ओढाताण

डब्लिनच्या लेन्स्टर हाउसमध्ये आयर्लंडचं कनिष्ठ सभागृह भरतं. त्याला डॉल म्हणतात. तिथलं एक दृश्य इतक्या वेळा घडतं की त्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. एक सदस्य उठतो आणि आपल्या भागातल्या रुग्णालयाबद्दल चार मिनिटं पोटतिडकीने बोलतो. समोरून सरकारतर्फे एक राज्यमंत्री उठतात. ते आरोग्य खात्याचे नसतात, कधी शेतीचे असतात, कधी क्रीडा खात्याचे. हातात टाईप केलेले दोन-तीन कागद. आरोग्यमंत्र्यांच्या वतीने उत्तर देतो, विषय मांडल्याबद्दल आभार, अशी सुरुवात करून ते चार मिनिटं वाचतात. सदस्याला पुन्हा दोन मिनिटं मिळतात. त्यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं: तुमच्यावर राग नाही, पण मंत्री कुठे आहेत? त्यावर राज्यमंत्री दोन मिनिटांत सांगतात की भावना मंत्र्यांपर्यंत पोहोचवतो. बारा मिनिटं संपली, पुढचा विषय.

आपल्याकडची लक्षवेधी सूचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. आयर्लंडमध्ये या बारा मिनिटांच्या चर्चेला ‘टॉपिकल इश्यू’ म्हणतात आणि ती २०११ पासून आहे. त्याआधी असे विषय दिवसभराचं कामकाज आटोपल्यावर, रात्री रिकाम्या सभागृहात घेतले जायचे. सदस्याने बोलायचं, मंत्र्याने कागद वाचायचा आणि दिवे मालवायचे. प्रतिप्रश्नाची सोयच नव्हती. ती दोन-दोन मिनिटं ही २०११ ची कमाई. छोटी वाटते, पण उत्तर ऐकून ‘हे उत्तर नव्हे’ एवढं तरी सदस्याला म्हणता येऊ लागलं.

उत्तर नेमकं कुणी द्यायचं हा प्रश्न मात्र या संसदेच्या जन्मापासूनचा. पहिली डॉल २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये भरली, तेव्हा देश ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि निवडून आलेल्यांपैकी बरेच जण तुरुंगात होते. स्वतंत्र राज्य झाल्यावर १९२२ च्या घटनेत एक अजब प्रयोग केला गेला. काही मंत्री मंत्रिमंडळाच्या बाहेर ठेवायचे, त्यांना थेट सभागृहाने निवडायचं आणि त्यांनी आपापल्या खात्यासाठी एकट्याने सभागृहाला जबाब द्यायचा. त्यांचा एखादा प्रस्ताव पडला तरी सरकार पडायचं नाही. टपाल खात्याचे जे. जे. वॉल्श, शेती खात्याचे पॅट्रिक होगन, मत्स्य खात्याचे फिओनान लिंच हे असे ‘बाहेरचे’ मंत्री होते. कल्पना देखणी होती: पक्षाच्या शिस्तीतून सुटलेला, सभागृहालाच बांधलेला मंत्री. पण हे सगळे आले सत्ताधारी पक्षातूनच आणि पैशाच्या किल्ल्या मंत्रिमंडळाकडेच राहिल्या. १९२७ मध्ये प्रयोग गुंडाळला गेला. मला विचाराल तर आयरिश संसदेची पुढची सगळी दुखणी या फसलेल्या प्रयोगात आधीच दिसतात.

१९३७ च्या घटनेने मग सरळ लिहून टाकलं की सरकार डॉलला जबाबदार असेल, आणि तेही सामूहिकरीत्या. (हीच ती घटना, जिच्यावरून आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आणि राज्यसभेतल्या नामनियुक्त सदस्यांची कल्पना आली.) सामूहिक जबाबदारीचा एक अर्थ असाही निघाला की सरकारमधला कुणीही सरकारतर्फे उभा राहू शकतो. आरोग्यमंत्री नसले तर शेतीवाले चालतील. नियमात बसतं, फक्त प्रश्न विचारणाऱ्याच्या गळी उतरत नाही.

यात राज्यमंत्र्यांची संख्या वाढत गेली. १९७८ पर्यंत या पदाला संसदीय सचिव म्हणत. त्या वर्षी राज्यमंत्री हे नाव आलं आणि कमाल संख्या दहा ठरली. पुढे ती पंधरा, सतरा, वीस अशी चढली, २००९ च्या आर्थिक संकटात खाली आली, पुन्हा चढली. २०२५ च्या सरकारने तेवीस जणांना राज्यमंत्री केलं.

प्रश्नही तितकेच भाराभर, आणि त्याचं मूळ निवडणूक पद्धतीत आहे. एका मतदारसंघातून तीन ते पाच सदस्य निवडून येतात, मतदार पसंतीक्रम देतात. त्यामुळे सदस्याची खरी स्पर्धा अनेकदा आपल्याच पक्षाच्या शेजाऱ्याशी असते. धोरणावर दोघांचं मत एकच, मग वेगळेपण दाखवायचं कशात? स्कूल बसमध्ये, पुलाच्या कठड्यात, शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत. म्हणून सत्ताधारी बाकांवरचे सदस्यही स्वतःच्याच सरकारला असे प्रश्न विचारत असतात.

त्यावर मंत्र्यांनी शोधलेली पळवाटही जुनी आहे. महामंडळं निघाली तसं ‘दैनंदिन कारभार माझ्या अखत्यारीत नाही’ हे उत्तर रुळलं. २००५ मध्ये सगळी सरकारी आरोग्यसेवा एका स्वतंत्र यंत्रणेकडे गेली, तेव्हापासून रुग्णालयाबद्दल विचारलं की ‘प्रश्न त्या यंत्रणेकडे थेट उत्तरासाठी पाठवला आहे’ असं छापील उत्तर येऊ लागलं. मंत्री काय बोलतो यावर सभापतींचा, म्हणजे तिथल्या क्यान कोर्लेंचा, काही ताबा नसतो. हे वाक्य त्या खुर्चीवरून आजवर किती वेळा उच्चारलं गेलं असेल याची गणतीच नाही.

याची किंमत एकदा फार मोठी मोजावी लागली. १९९० च्या उंबरठ्यावर गोमांस निर्यातीतल्या गैरव्यवहाराबद्दल, विशेषतः इराकला जाणाऱ्या मालाला सरकारने दिलेल्या विमा संरक्षणाबद्दल, डिक स्प्रिंग, पॅट रॅबिट वगैरे विरोधी सदस्य सभागृहात विचारत राहिले. उत्तरं तुटक, गोलमोल. शेवटी १९९१ मध्ये एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाने विषय पेटवला आणि न्यायमूर्ती लिअम हॅमिल्टन यांचं चौकशी न्यायाधिकरण नेमावं लागलं. साक्षी वर्षानुवर्षं चालल्या. त्या साक्षींतच पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स आणि आघाडीतले मंत्री डेस ओमॅली यांनी एकमेकांवर असे काही आरोप केले की १९९२ च्या नोव्हेंबरात सरकार कोसळलं. आणि हे सगळं ऐकणाऱ्या हॅमिल्टन यांनी काढलेले उद्गार आजही डब्लिनमध्ये लोकांच्या तोंडी आहेत: इथे जशी उत्तरं मिळतात तशी डॉलमध्ये मिळाली असती, तर या चौकशीची गरजच पडली नसती. १९९७ चा माहिती अधिकाराचा कायदा आला त्यामागे हा अनुभव होता.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचं नाव भेटतं. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर. २०१४ ते २०१६ ते आरोग्यमंत्री होते, म्हणजे नेमक्या त्या खुर्चीत जिच्या वतीने इतरांना कागद वाचावे लागतात. २०१७ मध्ये पंतप्रधान झाल्यावर विरोधी नेत्यांच्या थेट प्रश्नांना त्यांना आठवड्यातून दोनदा उभं राहावं लागे. २०१९ सरता सरता ते वराडला येऊन गेले, तेव्हा गावाने केलेलं स्वागत आपल्याकडच्या वाहिन्यांनी दाखवलं. त्यांच्या संसदेतल्या कामाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

भांडण सर्वांत अलीकडे उफाळलं ते २०२५ च्या जानेवारीत. सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांना विरोधकांच्या वेळेतून बोलायचं होतं. सरकार टिकवणारेच सरकारला प्रश्न विचारणार, यावर विरोधक इतके खवळले की नव्या सभापती व्हेरोना मर्फी यांना बैठक पुन्हा पुन्हा तहकूब करावी लागली आणि मिहॉल मार्टिन यांची पंतप्रधानपदी निवड एक दिवस लांबली. मार्चमध्ये सरकारने बहुमताच्या जोरावर नियम बदलून सत्ताधारी बाकांवरच्या सदस्यांसाठी आणि या अपक्षांसाठी आठ मिनिटांची वेगळी वेळ काढली. मर्फींवर अविश्वास दाखवण्यापर्यंत मजल गेली, पण त्या तरल्या.

बारा मिनिटांच्या त्या चर्चेत मात्र सदस्याच्या हाती एक पर्याय उरला आहे. संबंधित खात्याचं कुणीच येणार नसेल तर तो विषय पुढे ढकलून मागू शकतो. तसं केलं तर मंत्री कदाचित येतील, कदाचित नाही, आणि रुग्णालयाची बातमी तोवर शिळी होईल. म्हणून बहुतेक जण घड्याळाकडे बघतात आणि समोर जो कुणी कागद घेऊन उभा असेल त्याचंच उत्तर ऐकून घेतात.